काथ्याचे टाके आणि मतलईचा वारा

गोव्यात आज लाकडाची नवी होडी बांधायला घेतली की पहिली अडचण लाकडाची येते. कारागीर शोधला तर अजून भेटतो, नदीकाठी जागा कोणीतरी देतो, पैसाही हळूहळू उभा राहतो; परंतु सुमारे १८ फुटांच्या होडीचा तळ एकाच खोडातून कोरायचा असेल, तर तेवढ्या लांबीचा, सरळ वाढलेला आणि आतून पोकळ न झालेला आंबा आधी मिळावा लागतो, आणि मिळाला तरी तो तोडण्यासाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. ही अट योग्यच आहे असे माझे ठाम मत आहे. पेडणे तालुक्यातले डोंगर ज्यांनी डोळ्यांदेखत उघडे होताना पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. म्हणून उभे झाड तोडायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. पावसाळ्यातल्या वाऱ्याने आडवा झालेला एक जुना रायवळ आंबा ओळखीतल्या बागायतीत मिळाला, आणि तेरेखोल नदीच्या काठी, किरणपाणीच्या अलीकडे, एका माडांच्या बागेत काम सुरू झाले. काम करणारे आम्ही तिघे होतो: मी, माझा धाकटा भाऊ, आणि ज्यांच्या हाताखाली आम्ही दोघे शिकलो ते मेस्त्रीकाका.

होडीतले प्रत्येक लाकूड त्याच्या कामासाठी निवडलेले असते आणि एकाचे काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही. तळाला आंबा चालतो, कारण तो मोठा वाढतो, कोरायला सोपा जातो आणि पाण्यात राहिला तर बराच काळ टिकतो. उन्हात कोरडा ठेवला तर मात्र तडकतो. बाजूच्या फळ्यांना फणस उत्तम. त्याचे पिवळे लाकूड कीड सहज धरत नाही, रंध्याखाली स्वच्छ निघते आणि ऊब दिली की वाकते. सागाचे गुण सर्वांना ठाऊक आहेत, पण लहान होडीला साग घेणे हा माझ्या मते नुसता डौल आहे; फणस तेच काम निम्म्या खर्चात करतो. आतल्या वाकड्या फासळ्या, म्हणजे वाक, उंडीचे असावेत. उंडीचे झाड समुद्राच्या वाळूत खारा वारा खात वाढते, त्यामुळे त्याचे खोड आणि फांद्या मुळातच वळलेल्या असतात, आणि नेमका तोच वळसा फासळीला हवा असतो. सरळ लाकूड करवतीने वाकडे कापले की त्याचे धागे तुटतात आणि जोर पडताच ते त्याच जागी फुटते. उंडीच्या फांदीचे धागे वळणाबरोबर वळलेले असल्यामुळे ती फासळी पिढीभर टिकते. याच झाडाच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्याला आणि होडीला दोन्हींकडे वापरत असत. गोव्याचा राज्यवृक्ष असलेला माट, ज्याला पलीकडे सिंधुदुर्गात ऐन म्हणतात, तो होडीच्या अंगात फारसा लागत नाही, पण त्याची साल लागते. तिच्याविषयी पुढे लिहितो.

ओंडका आणल्यावर त्याला लगेच हत्यार लावायचे नसते. आम्ही तो खाडीच्या चिखलात, भरतीला बुडेल आणि ओहोटीला अर्धा उघडा पडेल अशा जागी रुतवून ठेवला. खाऱ्या पाण्याने लाकडातला चीक निघून जातो, आतली कीड मरते आणि पुढे वाळताना लाकूड एकदम फाटत नाही. या काळात लाकडाशी काही करता येत नाही, आणि शिकणाऱ्याला हाच काळ सर्वांत अवघड जातो. मेस्त्रीकाकांनी तो आमच्याकडून काथ्या वळण्यात घालवून घेतला. नारळाची सोडणे, म्हणजे वरच्या जाड साली, खाजणाच्या पाण्यात कुजवून, बडवून, धुऊन त्यांचे धागे मोकळे करायचे आणि मांडीवर वळून बारीक दोरी करायची, हे काम आम्ही पूर्वी पाहिलेले होते, हातांनी केलेले नव्हते. बाजारात यंत्रावर वळलेली दोरी मिळते आणि ती वाईट नसते. पण तिचा पीळ सैल असतो, ती टाक्यात ओढली की लांबते, आणि लांबलेला टाका हा टाका नव्हेच.

तळ कोरण्याचे काम वाकसाने होते. आधी बाहेरचा आकार तासून घ्यायचा, मग ओंडका उलटा करून आत शिरायचे. किती आत जायचे हे कळावे म्हणून बाहेरून ठिकठिकाणी गिरमिटाने बारीक भोके पाडून त्यांत ठरावीक जाडीच्या बांबूच्या खुंट्या ठोकतात. आतून तासताना खुंटीचे टोक दिसले की थांबायचे. ही युक्ती अतिशय साधी आणि अतिशय अचूक आहे. कोरून झाल्यावर तळ अरुंदच असतो, कारण खोडाची रुंदी तेवढीच. तो फाकवण्यासाठी आत पाणी भरून, खाली सोडणांचा मंद जाळ करून लाकूड मऊ करावे लागते आणि आडवे दांडे टप्प्याटप्प्याने ठोकत बाजू बाहेर ढकलाव्या लागतात. मेस्त्रीकाका त्या वेळी जाळाकडे बघत नव्हते. ते लाकडावर हात ठेवून बसले होते, आणि भावाने पुढचा दांडा उचलला तेव्हा एवढेच म्हणाले, "थांब रे, अजून तयार नाय जाला ता." दांडा खाली ठेवून आम्ही थांबलो. तो तयार झाला आहे हे त्यांना कशावरून कळले, हे मी नंतर विचारले. त्यांनी माझा तळवा उचलून लाकडावर ठेवला. लाकडाची ऊब वरवरची राहत नाही, ती एका क्षणी आतून येऊ लागते, आणि बोटाने टिचकी मारली तर त्याचा आवाज बदलतो.

मला या साऱ्या उद्योगातून काही सांगायचे असेल तर ते इथेच आहे. ही विद्या कागदावर नाही. आमच्या होडीचा नकाशा नव्हता. लांबी हातांत मोजली, रुंदी लांबीवरून ठरली, नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, उठाव एका लवचिक बांबूच्या पट्टीने आणि डोळ्याने ठरला. मी प्रत्येक पायरीचे मोजमाप लिहून ठेवले आहे आणि छायाचित्रेही काढली आहेत, ती पुढे कोणाला तरी उपयोगी पडतील. परंतु त्या वहीवरून होडी बांधता येणार नाही, हे मी स्वतः बांधल्यामुळे जाणतो. ही विद्या टिकायची असेल तर लहान होड्या बांधल्या गेल्या पाहिजेत, वापरल्या गेल्या पाहिजेत, झिजल्या पाहिजेत आणि पुन्हा बांधल्या गेल्या पाहिजेत. संग्रहालयात ठेवलेली होडी कोणाच्या तळव्याला काही शिकवत नाही.

आता शिवणाकडे येतो, कारण माझे मन सर्वाधिक रमले ते त्यात. तळाच्या काठावर फणसाची पहिली फळी उभी बसवतात. दोन्ही काठ एकमेकांशी इतके जुळले पाहिजेत की मधून दिव्याचा उजेड पलीकडे दिसू नये. त्यासाठी एका काठाला काजळी लावून दुसरा त्यावर टेकवायचा, जिथे काळे लागले तिथे रंधा फिरवायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. मग दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर समोरासमोर भोके पाडतात. आतल्या बाजूने सांध्यावर काथ्याच्या मोकळ्या धाग्यांची लांब वळकटी ठेवतात आणि तिच्यावरून, एकमेकांना छेदत, दोरी आतबाहेर ओवत नेतात. एक जण आतून, एक जण बाहेरून. प्रत्येक टाका लाकडी दांड्याला गुंडाळून, पायाचा जोर लावून ओढायचा, ओढलेला असतानाच भोकात खुंटी मारून तो अडकवायचा, पुढचा टाका पक्का झाल्यावरच ती खुंटी काढायची, आणि शेवटी सगळी भोके काथ्या व राळ यांनी बुजवायची. बाहेरच्या बाजूला दोन भोकांमध्ये बारीक खाच पाडून दोरी तिच्यात बसवली, म्हणजे होडी वाळूवर ओढताना टाके घासत नाहीत. दोघांची लय जमेपर्यंत काम पुढे सरकत नाही, आणि एकदा जमली की बोलण्याचीही गरज राहत नाही.

खिळे असताना शिवायचे कशाला, हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येकाने विचारला. त्याचे उत्तर किनाऱ्यावर आहे. गोव्याच्या उघड्या किनाऱ्यांवर धक्का नव्हता, बंदर नव्हते. होडी लाटांतून थेट वाळूवर आणायची आणि वाळूवरूनच पुन्हा लाटांत ढकलायची. त्या आपटण्यात खिळ्याभोवतीच्या एवढ्याशा लाकडावर सगळा जोर येतो आणि फळी तिथे चिरते. शिवलेला सांधा तो जोर आपल्या सगळ्या लांबीवर वाटून घेतो, किंचित हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. शिवाय लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते आणि गंजताना आजूबाजूचे लाकूडही काळे करून खाते. काथ्या मात्र भिजला की फुगतो आणि सांधा अधिक आवळतो. रापणीचे मोठे जाळे समुद्रात टाकायला ज्या रुंद, सपाट बुडाच्या होड्या वापरीत, त्या याच कारणाने शिवलेल्या असत. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात नारळाच्या दोरीने शिवलेली जहाजे पाहिली आणि ती धोक्याची असल्याचे लिहून ठेवले. मात्र खाऱ्या पाण्याने ती दोरी खराब होत नाही, हेही त्याने नोंदवले. त्याच्या पहिल्या मताशी मी सहमत नाही. त्याच काळात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, शिवलेली जहाजे अरबी समुद्र ओलांडत होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातही इराणच्या आखाताकडच्या शिवलेल्या नावांचा उल्लेख आहे. आपल्याकडे गोव्याच्या कदंब राजांच्या काळातले, नौकायुद्ध कोरलेले वीरगळ आहेत. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात तसा वीरगळ पाहताना मी पूर्वी वीराकडे पाहत असे, आता होडीच्या नाळेकडे आणि वल्ह्यांच्या ओळीकडे पाहतो.

शिवलेल्या जहाजाची गोष्ट निघाली की दिवाडी बेटाचे नाव घ्यावेच लागते. मांडवीतल्या या बेटावर 'म्हादई' ही शिडाची नौका बांधली गेली आणि तिच्यातून २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. तिथेच पुढे 'कौंडिण्य' ही दोरीने शिवलेली शिडाची नौका तयार झाली. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला, १२ सप्टेंबर २०२३ रोजी पठाण, म्हणजे तळाचा मुख्य कणा, बसवला गेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पाण्यात उतरली आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून तिचा आकार ठरवला गेला. चित्र होते, पण नकाशा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे चित्रावरून जहाज उभे करण्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये तिच्या आकाराच्या पाण्यातल्या चाचण्या कराव्या लागल्या. शिवणकाम केरळातले कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली झाले. तिच्या शिडावर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, आहे, जे कदंबांचे चिन्ह होते. २९ डिसेंबर २०२५ रोजी ती पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचली.

मला या जहाजाचा मनापासून अभिमान वाटतो. सुमारे २० मीटरचे, इंजिन नसलेले, दोरीने शिवलेले जहाज अरबी समुद्र पार करते तेव्हा या विद्येच्या बळाविषयी वाद उरत नाही. परंतु त्याच वेळी एक गोष्ट खटकते. तिचे टाके घालायला कारागीर केरळातून आणावे लागले, ज्या गोव्यात रापणीच्या होड्या शिवणारे हात एके काळी किनाऱ्यावरच्या गावागावांत होते. मोठे जहाज एकदा बांधले जाते आणि ते बांधून झाल्यावर त्या हातांना दुसरे काम हवे असते. ते काम लहान होड्याच देऊ शकतात. म्हणून 'कौंडिण्य'च्या बातम्या वाचून ज्यांना आनंद झाला, त्यांना मी आवर्जून सांगतो की आपल्या नदीवरच्या एखाद्या मेस्त्रीकडे एक लहान होडी सांगा, आणि ती घेऊन पाण्यावर जा.

शिवून झालेल्या होडीला तेल पाजावे लागते. आतून आम्ही तारल्यांचे तेल लावले. त्याचा वास सहन करावा लागतो, त्याला उपाय नाही. बाहेरून काजूच्या टरफलाचे तेल लावले. ते काळे, दाट आणि दाहक असते, कातडीला लागले तर फोड उठतात, म्हणून हात झाकून, कुंचला लांब काठीला बांधून काम करावे लागते. ज्या दाहक द्रव्यामुळे ते माणसाला सोसत नाही, त्यानेच लाकूड पोखरणारा समुद्री किडाही दूर राहतो. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणला, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या होडीच्या इतिहासात हे तेल तसे उशिराच आले. त्यापूर्वी उंडीचे तेल, माशांचे तेल आणि चुना यांवर काम भागत असे. चुन्याचा लेप बुडाला द्यायची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र होती. तो लेप झिजतो, पण किड्याला तो आधी पोखरावा लागतो, आणि तो झिजेपर्यंत होडी पुन्हा वर काढायची वेळ झालेली असते. हा किडा गोड्या पाण्यात जगत नाही, त्यामुळे पावसाळ्यात नदीत वरच्या अंगाला नेऊन ठेवलेली होडी त्याच्यापासून आपोआप सुटते, हाही एक जुना उपाय आहे.

एवढी अरुंद होडी एकटी उभी राहत नाही. तिला उलांडी लागते. होडीच्या काठांवर दोन वळणदार आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारा हलका ओंडका बांधतात. हा ओंडका पांगाऱ्याचा. पांगाऱ्याचे लाकूड इतके हलके असते की मुलगाही ते खांद्यावर नेईल, पण ते पाणी पिते, म्हणून वरचेवर बदलावे लागते. उलांडीचे सगळे सांधे दोरीचे ठेवले आहेत, एकही बोल्ट नाही. ओंडका लाटेवर वर उचलला जातो तेव्हा हे सांधे किंचित फिरतात आणि होडीचे अंग पिळले जात नाही.

फायबरच्या होड्या आल्या म्हणून आपल्याकडे लाकडाच्या गेल्या, असे हळहळून म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्या हळहळीत सामील होत नाही. ज्याचे घर मासळीवर चालते, त्याने फायबर आणि इंजिन का निवडले हे समजून घ्यायला हवे. फायबरला दर एक-दोन वर्षांनी शिवावे लागत नाही, तेल लागत नाही, किडा लागत नाही, आणि मजूर कमी लागतात. शिवाय ट्रॉलरनी किनाऱ्याजवळची मासळी ओढून न्यायला सुरुवात केल्यावर रापणकारांना जो लढा द्यावा लागला, आणि ज्याच्या दबावातून १९८० मध्ये गोवा, दमण व दीवसाठी सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, त्या काळात शिवलेल्या होडीचे सौंदर्य जपण्याची जबाबदारी पारंपरिक मच्छिमारावर टाकणे हा अन्याय झाला असता. ती जबाबदारी आज त्यांनी घ्यावी, ज्यांचे पोट होडीवर अवलंबून नाही. माझे नाही, म्हणून मी ती घेतली.

आता शिडाविषयी. वल्ह्याने चालणाऱ्या होड्या आमच्या नदीवर अजून आहेत, शिडाच्या मात्र जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि माझ्या मते हे नुकसान लाकूड जाण्यापेक्षा मोठे आहे, कारण शिडाबरोबर वाऱ्याचे ज्ञानही गेले. आमचे शीड त्रिकोणी आहे. डोलकाठी बांबूची, आखूड आणि पुढे कललेली. तिच्यावर त्याहून लांब असा बांबू तिरपा टांगलेला, आणि त्याला कापड बांधलेले. कापड जाड सुती मांजरपाटाचे घेतले आणि माटाच्या सालीच्या काढ्यात दोनदा उकळून काढले. सालीतल्या तुरट द्रव्यामुळे सूत लवकर कुजत नाही, आणि कापडाला विटकरी रंग येतो. नायलॉनचे शीड हलके व टिकाऊ असते हे मला मान्य आहे, पण सुती कापड वाऱ्यात थोडे ताणून स्वतःचा आकार घेते, आणि वारा मंद असताना तो आकारच होडी पुढे नेतो.

ऑक्टोबर सरल्यावर मे पर्यंत आमच्या किनाऱ्यावरचे वारे घड्याळासारखे नेमाने वाहतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा येतो. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत दुपारचा हा वारा चांगलाच जोर धरतो. शिडाच्या होडीचा सारा दिनक्रम या दोन वाऱ्यांवर बेतलेला असे: पहाटे मतलईवर बाहेर, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी. त्यात भरती-ओहोटीचा हिशेब मिळवायचा. तेरेखोल ही लहान नदी असली तरी भरती आत बऱ्याच लांब चढते. मांडवी आणि झुवारीत तर ती सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत, घाटाच्या पायथ्याकडे पोहोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढउतार सुमारे दोन मीटरपर्यंत जाते, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत ती त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. ज्या दिवशी पहाटेची मतलई आणि ओहोटी एकाच वेळी येतात, त्या दिवशी किरणपाणीहून केरीपर्यंत वल्हे पाण्याला लावावेही लागत नाही. ज्या दिवशी त्या उलट्या पडतात, त्या दिवशी घरी राहावे हे बरे.

त्रिकोणी शिडाची एक अवघड बाजू सांगितलीच पाहिजे, कारण ती न शिकता पाण्यावर गेले तर धोका आहे. आधुनिक शिडाची नौका नाळ वाऱ्यात घालून सहज वळते. आमची तशी वळत नाही. बाजू बदलायची तर होडी वाऱ्याकडे पाठ करून फिरवावी लागते आणि त्या वेळी तो लांब तिरपा बांबू डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावा लागतो; शीड मोकळे सुटते, फडफडते आणि एका झटक्यात दुसऱ्या बाजूने भरते. हे काम दोघांचे आहे: एक वल्ह्याने दिशा सांभाळतो, दुसरा बांबू नेतो. त्यातच उलांडी एकाच बाजूला असल्यामुळे दोन्ही दिशांना होडीचा स्वभाव वेगळा असतो. वारा उलांडीच्या बाजूने आला तर ओंडका पाण्यातून उचलला जाऊ पाहतो आणि एकाने आडव्या काठीवर सरकून वजन द्यावे लागते. वारा दुसऱ्या बाजूने आला तर तोच ओंडका पाण्यात दाबला जातो, होडी जड चालते, आणि फार दाबला गेला तर शीड ताबडतोब ढिले करावे लागते. शीड ताणून धरणारी दोरी कधीही गाठ मारून बांधायची नाही, हातातच धरायची, हा मेस्त्रीकाकांचा नियम आहे आणि त्याला त्यांनी एकही अपवाद मानलेला नाही.

नदीच्या मुखाशी, तेरेखोलच्या किल्ल्याखाली, केरीच्या बाजूला वाळूचा उथळ पट्टा आहे आणि ओहोटीच्या वेळी समुद्राची लाट त्यावर फुटते. बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारी लाट तिथे समोरासमोर भेटतात. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला तो किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, तेव्हाही त्या मुखातून आत शिरणाऱ्या प्रत्येक नावेला हाच पट्टा पार करावा लागला असणार. आम्ही तो फक्त भरती चढत असताना ओलांडतो, आणि शीड उतरवून, वल्ह्यांवर. वाळूचा पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला स्थानिक मच्छिमारांना विचारल्याशिवाय तिथे जाऊ नये. विचारायला गेले तर ते आनंदाने सांगतात, आणि शिडाची होडी दिसली तर स्वतःहून येऊन आपल्या आजोबांच्या होडीविषयी बोलत बसतात. आमच्या शिडाचा तिरपा बांबू थोडा अधिक उभा केला पाहिजे, ही दुरुस्ती अशाच एका वृद्ध खारव्याने सुचवली, आणि ती केल्यावर होडी वाऱ्याला स्पष्टपणे अधिक जवळून चालू लागली.

जूनमध्ये होडी वर येते. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या मांगरात ती उपडी ठेवतो, खाली विटा लावून, हवा खेळेल अशी. पावसाळ्यात तिला कोरडे पडू द्यायचे नाही आणि कुजूही द्यायचे नाही. एकेक टाका बोटाने तपासून जिथे दोरी मऊ झाली आहे तिथे खडूची खूण करतो. पहिल्या पावसाळ्यानंतर तळाजवळची शिवण पूर्ण उसवून पुन्हा घातली. वरच्या शिवणी अजून ताठ आहेत. उसवणे हेही शिकण्यासारखे काम आहे, कारण जुना टाका कुठे झिजला यावरून होडीवर कोणत्या जागी जोर येतो ते दिसते, आणि पुढची होडी बांधताना त्या जागी भोके अधिक जवळ घेता येतात.

साखळीजवळच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत सजवलेल्या लहान नौका सोडतात. लोक आपल्या हातांनी, महिनोन्‌महिने खपून त्या बनवतात आणि त्यांची स्पर्धा होते. त्या नौकांतले काही कारागीर इतके नेटके काम करतात की त्यांनी खऱ्या होडीला हात लावला तर वर्षभरात उत्तम शिवणकर होतील, असे मला दर वर्षी वाटते. गेल्या वेळी त्यांच्यापैकी दोघा तरुणांशी बोलणे झाले. ते किरणपाणीला येऊन होडी पाहून गेले, मेस्त्रीकाकांनी त्यांना गिरमिट हातात देऊन भोके पाडायला लावली, आणि संध्याकाळी परत जाताना त्यांनी पुढच्या होडीच्या वेळी येण्याचे कबूल केले.

ती पुढची होडी १४ फुटांची असेल, खोडाचा तळ न घेता पूर्णपणे फळ्यांची, कारण तेवढा मोठा आंबा पुन्हा पडेल याची वाट पाहत बसता येणार नाही, आणि लहान फळ्यांतून बांधायला शिकलो तर ही होडी कोणालाही परवडेल. फणसाच्या फळ्या कापून चिखलात ठेवल्या आहेत. दिवाळी झाली की काम सुरू होईल. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे, मेस्त्रीकाकांना तसे सांगून ठेवले आहे; पटाशी आणि रंधा असल्यास आपला आणावा, नसल्यास आमचा आहे. पहिले काही रविवार दोरी वळण्यातच जातील. वळलेली दोरी शिवण्याच्या आदल्या रात्री खाऱ्या पाण्यात भिजत घालायची असते, कारण कोरडी दोरी भोकातून ओढताना तुटते आणि भिजलेली नीट बसते.